डाळ बंद केली, तरी अंगठा सुजतोच

पत्र इंदूरहून आलंय, राजेंद्रनगरकडच्या एका ताईंचं. त्यांचं वय 49. यजमान 54 वर्षांचे, सियागंजात दुकान, वजन 94 किलो, रक्तदाबाची गोळी चालू. तीन वर्षांपासून त्यांना पायाच्या अंगठ्याचा गाउट, म्हणजे युरिक ॲसिडचे स्फटिक साठून सांधा सुजण्याचं दुखणं, आहे आणि गेल्या वर्षभरात अंगठा चार वेळा सुजला. शेवटच्या रिपोर्टमध्ये युरिक ॲसिड 9.1 होतं. डॉक्टरांनी युरिक ॲसिड उतरवणारं ॲलोप्युरिनॉल दिलं, पण दहाव्या दिवशी पुन्हा दुखणं उठलं, तेव्हा त्यांनी ती गोळी आपल्या मनानेच सोडली. आता ठणका लागला की केमिस्टकडून दुखण्याची गोळी आणतात, खातात आणि दुकानात जातात. दिवाळीच्या सुमारास झोपेची तपासणी झाली. तासाला 38 वेळा श्वास अडतो असं निघालं. सीपॅप मशीन, म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देऊन झोपेत श्वासाची वाट उघडी ठेवणारं यंत्र, घेतलं, चार रात्री लावलं. तेव्हापासून ते खोक्यात घालून कपाटावर ठेवलेलं आहे.

ताईंनी जाऊबाईंकडून मोबाइलवर आलेल्या यादीप्रमाणे पाच महिन्यांपासून घरातली डाळ, पालक, टोमॅटो, फुलकोबी, दही बंद केलंय. दुधी आणि तोंडलीवर घर चाललंय, सासूबाईंसाठी वरण वेगळं शिजतं. एवढं करूनही निर्जला एकादशीनंतर दुसऱ्याच रात्री अंगठा असा सुजला की चादरीचा स्पर्श सोसेना. त्या विचारतात: "माझ्या हातून पथ्यात कुठे चूक होतेय? गोळी जन्मभर घेण्यापेक्षा आहारानेच उतरेल असा पूर्ण तक्ता द्या. आणि पाय आणि झोप यांत आधी कशाकडे बघू? दोन्ही एकदम झेपणार नाही. यांच्या घोरण्यामुळे मी हॉलमध्ये झोपते, पण रात्री दोन-तीनदा उठून दारात उभी राहून बघते, श्वास चालू आहे ना."

---

ताई,

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी आधी घेते. तुम्ही दारात उभ्या राहता, घोरणं मध्येच थांबतं, तुम्हीही श्वास रोखून धरता, आणि मग एक मोठा हुंदक्यासारखा आवाज होऊन ते पुन्हा सुरू होतं. मगच तुम्ही परत जाऊन पडता. हे किती महिने चाललंय ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण दिवसभर दुकान सांभाळणाऱ्या माणसाइतकीच तुमचीही झोप गेलीय. तपासणीत जो 38 चा आकडा आला, तो तुम्ही त्याआधी कितीतरी रात्री कानांनी ऐकलेला होता. ज्याचा श्वास अडतो त्याला स्वतःला ते कळतच नाही. तो सकाळी म्हणतो, ढाराढूर झोपलो होतो. म्हणून डॉक्टरांकडे जाताना तुम्ही बरोबर जा आणि जे ऐकलंत ते तुमच्या तोंडून सांगा.

आता तुमचा मुख्य प्रश्न, पथ्यात कुठे चुकतंय. मी आहारतज्ज्ञ आहे, लोकांना काय खावं हे सांगणं हेच माझं काम. तरीही तुम्हाला स्पष्ट सांगते की तुमच्या हातून पथ्यात चूक झालेली नाही. पथ्याकडून जेवढं होऊ शकतं त्याच्या कितीतरी पट काम तुम्ही त्याच्यावर टाकलंय.

युरिक ॲसिड म्हणजे प्युरीन नावाच्या द्रव्यांचा शरीरात उरणारा शेवटचा गाळ. यातला साधारण दोन तृतीयांश भाग शरीराच्या स्वतःच्या पेशी झिजण्या-मोडण्यातून तयार होतो आणि एक तृतीयांश खाण्यातून येतो. बाहेर टाकण्याचं काम मुख्यतः मूत्रपिंडं करतात, थोडं आतडी करतात. गाउट असलेल्या बहुतेकांत खरी अडचण बाहेर टाकण्यात असते आणि ती बऱ्याच अंशी घराण्यातून आलेली असते. कडक पथ्य पाळलं तरी आकडा उतरतो तो साधारण एकाने. तुमच्या घरी 9.1 आहे. त्यातून एक वजा करा. सांध्यात स्फटिक साधारण 6.8 च्या वर बनू लागतात, आणि साठलेले स्फटिक विरघळायचे तर आकडा 6 च्या खाली नेऊन तिथे टिकवावा लागतो. दुधीच्या भाजीने हे अंतर कापता येणार नाही, ती कितीही निष्ठेने केली तरी. तुम्ही मागितलेला पूर्ण तक्ता मी देत नाहीये, त्याचं कारण हे.

शिवाय जाऊबाईंच्या यादीतल्या बऱ्याच गोष्टी चुकून तिथे आल्या आहेत. अमेरिकेत 47 हजारांवर पुरुषांच्या खाण्याचा बारा वर्षं पाठपुरावा करून 2004 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मटण आणि मासळी जास्त खाणाऱ्यांत गाउट वाढलेला दिसला. डाळी, वाटाणा, पालक, फुलकोबी यांत प्युरीन असतं खरं, पण ते खाणाऱ्यांत गाउट वाढला नाही. आणि दूध-दही, विशेषतः कमी सायीचं, खाणाऱ्यांत तो कमी आढळला. म्हणजे जे दही तुम्ही पाच महिने बंद ठेवलंय ते ताटात असायला हवं होतं. टोमॅटो एखाद्याला खरंच बाधतो. तसा अनुभव दोन-तीनदा स्पष्ट आला असेल तरच तो टाळा. तूर, मूग, पालक, फुलकोबी परत आणा. क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलेलं असेल तर डाळीचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा.

मग सोडायचं काय? कलेजी, खिमा, मटणाचा रस्सा, कोळंबी. दारू, आणि त्यातही बियर सगळ्यांत वाईट, कारण तिच्यात अल्कोहोलबरोबर प्युरीनही येतं. दारूचं नाव काढल्यावर पुष्कळ घरांत विषय बदलतो. तुमच्या पत्रात ती कुठे नाही. नसेल तर उत्तम, असेल तर डॉक्टरांपुढे लपवू नका. दुसरी गोष्ट गोडाची, आणि ती आपल्या इंदूरकडे नीट बघायला लावणारी आहे. साखरेतलं फ्रुक्टोज शरीरात मोडताना युरिक ॲसिड तयार होतं. बाटलीतली थंड पेयं, पेला भरून फळांचा रस, उसाचा रस यांतून ते एकदम पुष्कळ जातं. सकाळचे पोहे अजिबात गुन्हेगार नाहीत. पोह्यांबरोबर रोजची जिलबी, वर मूठभर सेव, चार वाजता कचोरी आणि साखरेचे पाच चहा, हे मात्र वजनातून आणि साखरेतून दोन्ही दुखण्यांना खतपाणी घालतं. पोहे राहू द्या, त्यांत मटार आणि शेंगदाणे घाला, जिलबी रविवारी एक. फळं अख्खी खावीत, चावून.

माझ्या आईची गोष्ट सांगते. आम्ही मूळचे ग्वाल्हेरचे. बाबांना गाउट होता आणि आईने कुणाच्या तरी सांगण्यावरून वर्षानुवर्षं त्यांच्या ताटात वरण वाढलं नाही. सणाच्या पंगतीत सगळ्यांना वरणभात आणि बाबांच्या पानावर नुसता भात, मीठ, लिंबू. अंगठा सुजला की आई आठवडाभराचा स्वयंपाक आठवत बसायची आणि त्यात आपली चूक शोधायची. बाबांचं घोरणं अंगणापर्यंत ऐकू यायचं, दुपारी पेपर वाचता वाचता त्यांची मान खाली पडायची. त्याचा आणि पायाचा संबंध असेल असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही. तुमचं पत्र वाचताना मला आई दिसली, म्हणून इतकं कळकळीने लिहितेय.

तर तो संबंध. श्वास अडतो तेव्हा रक्तातला प्राणवायू उतरतो. प्राणवायू कमी पडला की पेशींमधलं इंधन अर्धवट मोडतं आणि त्याचाही गाळ शेवटी युरिक ॲसिडच होतो. त्याच वेळी कार्बन डायऑक्साइड साठून रक्त जरासं आम्लाकडे झुकतं. तासाला 38 वेळा म्हणजे दर दीड मिनिटाला एकदा, आणि दर खेपेला निदान दहा सेकंद. 30 च्या वर गेलं की तो तीव्र प्रकार मानतात. त्यात रात्री पाय थंड पडलेले, शरीरातलं पाणी कमी झालेलं. स्फटिकांना थंडावा मानवतो. गाउटचा झटका रात्री दोन-तीनला किंवा पहाटे का येतो याचं उत्तर बरंचसं इथे असावं. ब्रिटनमधल्या रुग्णनोंदींवरून 2018 मध्ये एक अभ्यास आला. जवळजवळ सहा वर्षांच्या पाठपुराव्यात झोपेत श्वास अडणाऱ्यांपैकी 4.9 टक्के लोकांना गाउट झाला, तसा त्रास नसलेल्यांपैकी 2.6 टक्क्यांना. लठ्ठपणाचा हिशेब वेगळा काढल्यावरही फरक उरला.

चरकसंहितेत चिकित्सास्थानाचा 29 वा अध्याय वातरक्तावर आहे. त्याची कारणं सांगताना चरकाने खाण्यापिण्याबरोबर दिवसाची झोप आणि रात्रीचं जागरण ही दोन्ही मोजली आहेत. वातरक्त म्हणजे हुबेहूब गाउट असं मी म्हणणार नाही, पण सांध्याच्या दुखण्यात झोपेकडे बघावं हे आपल्याकडे फार जुनं आहे. आपण त्यातलं पथ्य तेवढं उचललं.

म्हणून "आधी पाय की आधी झोप" हा प्रश्न मी जरा बाजूला ठेवते. दोन्हींचे डॉक्टर वेगळे, फायली वेगळ्या, म्हणून ती दोन ओझी वाटतात. माणूस एकच आहे आणि निम्मी कामं दोन्हीकडे सारखी आहेत. वजन, दारू, रात्रीचं जेवण, रक्तदाब ही सामाईक. वेगळ्या उरतात दोनच गोष्टी, गोळी आणि मशीन.

गोळीबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण ज्या कारणाने ती सुटली त्याच कारणाने हजारो लोकांची सुटते. ॲलोप्युरिनॉल सुरू झालं की रक्तातलं युरिक ॲसिड उतरू लागतं आणि सांध्यात वर्षानुवर्षं बसलेले स्फटिक सुटायला लागतात. सुटताना ते सांधा खवळवतात. म्हणजे दहाव्या दिवशीचा झटका गोळी लागू पडत असल्याचाही असू शकतो. हे आधी सांगितलं गेलं नाही तर माणूस साहजिकच म्हणतो, गोळीनेच वाढलं. यासाठीच गोळी थोड्या मात्रेपासून, बहुधा 100 मिलीग्रॅम किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर त्याहून कमी, सुरू करून काही आठवड्यांच्या अंतराने रक्त तपासत वाढवतात, आणि पहिले तीन ते सहा महिने बरोबर कोल्चिसिन या सांध्याची सूज आवरणाऱ्या औषधाची लहान मात्रा देतात, म्हणजे झटका येत नाही किंवा आला तरी सौम्य येतो. डॉक्टरांना थेट विचारा: "पहिल्या महिन्यांसाठी संरक्षण म्हणून काही द्याल का? आणि आकडा 6 च्या खाली आला की नाही हे कधी तपासायचं?" 100 ची एकच गोळी वर्षभर, आणि मध्ये एकदाही तपासणी नाही, असं चालणारे खूप लोक मी बघते. त्यांचा आकडा आठच्या आसपास रेंगाळतो आणि ते म्हणतात, औषध घेऊनही काही होत नाही.

दोन सावधगिऱ्या. ॲलोप्युरिनॉल सुरू केल्यावर, विशेषतः पहिल्या दोन-तीन महिन्यांत, अंगावर पुरळ, तोंडात फोड किंवा ताप आला तर गोळी त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांना गाठायचं. क्वचित होतं, पण झालं तर गंभीर असतं. कोल्चिसिन सुरू असताना दुसऱ्या कुठल्या दुखण्यासाठी अँटिबायोटिक घ्यायची वेळ आली तर सांगून ठेवायचं की हे चालू आहे, कारण क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या औषधाबरोबर ते धोकादायक ठरतं. ॲलोप्युरिनॉलला फेबुक्सोस्टॅट हा दुसरा पर्याय आहे आणि आपल्याकडे पुष्कळ दिला जातो. हृदयविकाराचा इतिहास असेल तर तो सुरू करण्याआधी त्याविषयी बोलून घ्या.

"जन्मभर गोळी" हे शब्द तुम्हाला टोचतायत हे पत्रात जाणवतं. मला विचाराल तर आत्ताही जन्मभर गोळी चालूच आहे, फक्त ती केमिस्टकडची दुखण्याची आहे. रक्तदाब असलेल्या माणसाने ती वरचेवर खाल्ली तर रक्तदाब चढतो आणि मूत्रपिंडं थकतात. म्हणजे जी युरिक ॲसिड बाहेर टाकणार त्यांनाच आपण मारत सुटतो. या वेळी रक्त देताना क्रिएटिनिनही करून घ्या. आणि रक्तदाबाच्या गोळीच्या नावापुढे "एच" अक्षर आहे का ते पाकिटावर बघा. बऱ्याचदा त्याचा अर्थ आत हायड्रोक्लोरोथायझाइड आहे असा असतो, आणि ते युरिक ॲसिड वाढवतं. लोसार्टान नावाची रक्तदाबाची गोळी उलट ते थोडं उतरवते. बदल करणं योग्य की नाही ते डॉक्टर ठरवतील, स्वतः काही थांबवू नका. हृदयासाठी लहान ॲस्पिरिन चालू असेल तर तीही आकडा थोडा वाढवते, तरी ती मात्र मुळीच बंद करायची नाही.

आता मशीन. चार रात्रींत कपाटावर गेलं याचं मला नवल वाटत नाही. तोंडाला मास्क बांधून, नाकात जोराने हवा येत असताना पहिल्या रात्री झोप लागावी अशी अपेक्षाच चूक. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन या डॉक्टरांनी 1981 मध्ये ही पद्धत जगापुढे मांडली तेव्हा यंत्र मोठं आणि गोंगाट करणारं होतं. आजचं उशाशी मावतं, पण सवय तेव्हाही लागत होती आणि आजही लागते. त्रास नेमका काय झाला हे यजमानांना विचारा. "नको वाटतं" या उत्तरावर थांबू नका. हवा डोळ्यांकडे निसटते म्हणजे मास्कचं माप चुकलंय. सकाळी तोंड कोरडं पडतं म्हणजे तोंड उघडं राहतंय, त्याला पूर्ण चेहऱ्याचा मास्क लागेल. नाक चोंदतं तर मशीनची पाण्याची टाकी जोडलेली आहे का, तेही बघा. सुरुवातीचा जोर अंगावर येतो तर हवा हळूहळू वाढवण्याची सोय बहुतेक मशीनमध्ये असते, ती लावून घ्या. जिथून मशीन घेतलं त्यांना बोलवा. मास्क बदलून देणं हा त्यांच्या कामाचाच भाग आहे, त्यात संकोच नको. ज्या वाचकांनी अजून घेतलेलं नाही त्यांनी आधी महिनाभर भाड्याने मिळतं का ते विचारावं.

आणि झोपेच्या वेळी एकदम लावू नका. संध्याकाळी दुकानातून आल्यावर बातम्या बघताना पंधरा-वीस मिनिटं, जागेपणी, खुर्चीत बसून. तीन-चार दिवसांनी दुपारच्या डुलकीला. मग रात्री. रात्री लावू लागल्यावर पहिल्या आठवड्यात रोज चार तास झाले तरी चांगली सुरुवात. किती तास लागलं आणि श्वास किती वेळा अडला हे मशीनमध्ये नोंदलं जातं. 38 वरून आकडा पाचाच्या आसपास आलेला स्वतःच्या डोळ्यांनी दिसला की व्यापारी माणसाला तो हिशेब लगेच पटतो.

मशीनने युरिक ॲसिडही उतरेल का? यावर झालेल्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, म्हणून त्या भरवशावर गोळी लांबणीवर टाकू नका. मशीन लावायचं ते हृदयासाठी, मेंदूसाठी, रक्तदाबासाठी आणि दिवसा जागं राहण्यासाठी. दुकानातून स्कूटरवर येताना सिग्नलला डोळा लागतो का, हे त्यांना एकदा शांतपणे विचारा. लागत असेल तर मशीन सुरळीत होईपर्यंत गाडी चालवणं बंद.

कुशीवर झोपल्याने काहींचं घोरणं बरंच कमी होतं, उताणं झोपू देऊ नका. सौम्य किंवा मध्यम त्रासात दातांवर बसवायची पट्टी चालते, 38 ला ती पहिली निवड नाही. झोपेची गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीच नको, घसा त्याने आणखी सैल पडतो.

वजनाकडे येते. 94 तले दहा टक्के, म्हणजे नऊएक किलो, उतरले तर श्वास अडण्याचे प्रसंग साधारण पाव हिश्शाने कमी होतात असं दिसलंय. 38 चे 28 होतील. फायदा मोठा आहे, पण मशीन सुटेल एवढा नाही. आणि हे वजन सहा-आठ महिन्यांत, सावकाश उतरायला हवं. तुमच्या घरच्या निर्जला एकादशीत याचं कारण दडलंय. जेठातल्या उन्हात दिवसभर पाणी नाही, अन्न नाही. शरीर चरबी जाळू लागलं की किटोन बनतात आणि मूत्रपिंडातून बाहेर पडायला ते युरिक ॲसिडशी झोंबतात. पाणी कमी, गाळ जास्त, दुसऱ्या रात्री अंगठा. तुम्ही लिहिलं नाहीत, पण मनात आलं असेल की उपास करूनही देवाने असं का केलं. उपासाने झालं, ताई. चातुर्मास येतोय. त्यांनी उपास जरूर करावा, पण पाणी, ताक, दूध आणि अख्खी फळं घेऊन. वाटीभर भगर आणि दाण्याची आमटी चालेल, साबुदाण्याची भरली ताटली नको. हाच धोका किटो नावाच्या आहारात आणि महिन्यात दहा किलोची हमी देणाऱ्या कार्यक्रमांत आहे. अलीकडे वजनाची इंजेक्शनं निघालीत. त्यांतल्या टिर्झेपटाइडला तर डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेत लठ्ठपणाबरोबरच्या स्लीप ॲप्नियासाठीही, म्हणजे झोपेत श्वास अडण्याच्या या दुखण्यासाठी, मान्यता मिळाली. तो निर्णय डॉक्टरांचा. पण तिथेही वजन झरझर उतरताना गाउट उसळू शकतो हे त्यांच्या कानावर घाला.

रात्रीचं जेवण झोपण्याच्या तीन तास आधी. आपल्या गावात हे बोलणं जड जातं, कारण सराफ्यात दुकानांचे शटर पडल्यावरच खाण्याच्या गाड्या लागतात आणि शनिवारी अकराला मित्रमंडळी तिकडे निघते. महिन्यातून एकदा जाऊ द्या, आणि त्या दिवशी तेच जेवण धरा, घरचं जेवून वर नको. एरवी आठला एक-दोन पोळ्या, वाटीभर वरण, भाजी, दही किंवा ताक. दिवसभरात दोन-अडीच लिटर पाणी, हृदय किंवा मूत्रपिंडासाठी पाण्यावर बंधन घातलं नसेल तर. घरी उशाला बाटली ठेवतात तशी दुकानात गल्ल्याशेजारी एक बाटली ठेवा, ती दुपारपर्यंत संपली पाहिजे.

झटका आलाच तर शेक नको आणि तेलाने चोळणं नको. रुमालात बर्फ गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा; पाय उशीवर उंच; पांघरुणाचा भार येऊ नये म्हणून पायथ्याशी खोका ठेवून त्यावर चादर सोडा. डॉक्टरांनी झटक्यासाठी म्हणून जे औषध लिहून ठेवलं असेल ते पहिल्याच दिवशी घ्यायचं, जितकं लवकर तितकं लागू पडतं. ॲलोप्युरिनॉल चालू असेल तर ते झटक्यातही चालूच ठेवायचं. सांधा लालबुंद, आणि हुडहुडी भरून ताप असेल तर घरी थांबू नका, तो सांध्यातला जंतुसंसर्ग असू शकतो.

यजमानांशी बोलण्याबद्दल थोडं. आतापर्यंत त्यांच्याशी तुमचं बोलणं "हे खाऊ नका, ते खाऊ नका" या वळणाचं झालं असेल. माणूस कंटाळतो, आणि सांगणारीही कंटाळते. आता वरण परत येतंय, तेव्हा बोलायला जागा झालीय. ताटात वरण वाढून सांगा की डाळ माझ्याकडून मी सोडवली, गोळी आणि मशीन तुमच्याकडून. एका रात्री त्यांच्या झोपेचा आवाज मोबाइलवर दोन मिनिटं टिपून ठेवा आणि सकाळी त्यांना एकट्याला ऐकवा, मुलांसमोर नको. तुम्ही दारात उभ्या राहता हे त्यांना माहीत आहे का? पत्रावरून मला वाटतं, नाही. तेही सांगा.

आणि तुम्ही स्वतः. सकाळी डोकं जड असतं, दुपारी गळाल्यासारखं होतं असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. पाळी जाण्याच्या वयानंतर बायकांमध्येही हा त्रास वाढतो, फक्त तो बऱ्याचदा जोरदार घोरण्यातून न दिसता थकव्यातून दिसतो, आणि घरात त्याला कामाचा शीण म्हणून सोडून देतात. मशीनमुळे घर शांत झाल्यावर महिनाभर नीट झोपूनही हे राहिलं, तर तुमचीही तपासणी करून घ्या.

या आठवड्यात फिजिशियनची वेळ घ्या आणि जाताना तिन्ही कागद, म्हणजे युरिक ॲसिड, झोपेची तपासणी आणि रक्तदाबाच्या गोळीचं पाकीट, एकाच पिशवीत न्या. दोन्ही दुखणी एकाच टेबलावर ठेवा. कपाटावरचा खोका आजच खाली काढा. इतके महिने पडून आहे, तेव्हा फिल्टर बदलावा लागेल. मास्क आणि नळी कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत वाळत घाला, आणि टाकीत डिस्टिल्ड वॉटर भरा, नळाचं नको.